चेअरमनच्या गाडीचा रंग

गाडी समोर आली की आमचा पेंटर आधी बॉनेटवर तळहात फिरवायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "गप बसा बे. पत्रा काय म्हणतो, ऐकू द्या." तुमच्याही गावात असा एखादा असेल, तोंडाने तिखट, हाताने मऊ.

तो शिरूर कासारचा. घरचे सगळे ऊस तोडायला जायचे, हा एकटा रंगाकडे वळला. आमच्या सहकारी कारखान्याच्या गॅरेजात ट्रॉल्या रंगवून तो विटला होता. मी तिथला स्टोअरकीपर.

दुष्काळाच्या त्या वर्षी चेअरमनसाहेबांनी वडिलांची जुनी पांढरी अँबेसिडर त्याच्या हवाली केली. मुलाच्या लग्नात ती नव्या रूपात हवी होती. पेंटर हरखला. बुटाच्या खोक्यावर त्याने रंगांचे पट्टे काढून दाखवले: खाली पिकलं जांभूळ, वर ज्वारीचा दाणा, मधे बोटभर तांबडी रेघ.

"हे जादा दिवे काढा साहेब. म्हातारीला दागिने लई झालेत," तो चेअरमनला तोंडावर म्हणाला. तेही हसले. डावी बाजू झाली तेव्हा आम्ही कामं सोडून बघत राहिलो.

उजव्या बाजूची पुट्टी घासायला पाणी हवं होतं. वरून फोन आला. मी टँकर वळवायच्या चिठ्ठीवर सही केली आणि आठ दिवसांतून एकदाच तोडकऱ्यांच्या वस्तीवर जाणारा टँकर गॅरेजात आला. मागून बाया घागरी घेऊन धावत आल्या.

"हे पाणी कुणाचं?" त्याने मला विचारलं.

"वस्तीचं. पण वरून..."

"मग हितं कावून आणलं बे?"

 त्याने टँकरचा नळ उघडला आणि पाइप बायांच्या हाती दिला.

तेवढ्यात चेअरमन आले. "परवा लग्न आहे! अक्कल गहाण टाकलीस का?"

पेंटर टँकरच्या नळापुढे आडवा उभा राहिला. "लेकरांच्या तोंडचं पाणी पत्र्याला लावू? मी न्हाई लावत."

"चालता हो. तुझाच रंग दुसरा कुणी मारील."

पेंटरने डबा उचलला. स्वतः नजरेने जमवलेला तो जांभळा रंग सगळ्यांदेखत मातीत ओतला.

तसा रंग कुणालाच जमला नाही. गाडी पुन्हा पांढरी करून वरातीत गेली.

माझा राग अजून गेलेला नाही, चेअरमनवरचाही, स्वतःवरचाही. त्या दिवशी स्प्रेगन पिशवीत टाकून तो माझ्यासमोरून गेला. एरवी शब्दागणिक शिवी देणारा माणूस. मला एकही दिली नाही. क्षणभर थांबला, माझ्याकडे बघितलं आणि फाटकाबाहेर पडला.