राजाची उडी

माझ्यासारख्यानं लिहायला बसावं हा आगाऊपणाच आहे, माफ करा. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, लिहायचा सराव नाही. पण हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

गॅदरिंगमध्ये माणूस विरुद्ध संगणक असा बुद्धिबळाचा सामना होता. प्रोग्राम मी लिहिलेला. समोर सुमेध — माझ्याच वर्गातला, गंगापूरकडचा. त्याला चुलत्यानं खेळ शिकवलेला. हॉस्टेलात तो सगळ्यांना हरवायचा. मलाही.

सामना बरोबरीचा होता का? सगळे म्हणाले, होता. दोघांना वेळ सारखा, मोहरे सारखे. सुमेधला नियमच ठाऊक नव्हता, त्याला संगणक काय करणार? मीही हेच म्हणत आलो.

आमच्या गावाकडच्या खेळात राजाला एक सवलत असते. शह बसलेला नसेल, तर डावात एकदाच त्यानं घोड्यासारखी अडीच घरं उडी घ्यायची. दौलताबादला थोरल्या भावानं मला हेच शिकवलं. स्पर्धेत ही उडी नसते, हे शहरात आल्यावर कळलं. सुमेधला कळलं नव्हतं — हॉस्टेलात त्याच्यावर उडी घ्यायची वेळच कधी आली नव्हती.

सामन्याआधी त्यानं मला बाजूला घेतलं. "राजाची उडी चालती ना रे तुझ्या मशीनला?"

आणि मी — मी म्हणालो, "व्हय, चालती की."

का? सरांपुढं माझा प्रोग्राम जिंकावा म्हणून. एवढंच.

त्या उडीच्या भरवशावर त्यानं राजा उघडा ठेवून हल्ला केला. वेळ आली तसा राजा उचलून अडीच घरं नेला. मी ती चाल संगणकात टाकली. पडद्यावर लाल अक्षरं — चाल अवैध.

"अबे, राजा हाय का बेडूक?" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसला. सुमेध माझ्याकडं बघत होता.

सरांनी मला विचारलं, "असा नियम असतो का रे कुठं?"

"नाय सर. मी तर ऐकला पण नाय."

सुमेधनं राजा परत जागेवर ठेवला. डाव हरल्यावर त्यानं हात मिळवला — माझ्याशीच, संगणकाला हात कुठला? मग आम्ही पोरं शहागंजात चहाला गेलो. वाईट वाटलं होतं का? आठवत नाही.

परवा जीपमध्ये सुमेधचा एक गाववाला माझ्या शेजारी बसला होता. बोलता बोलता मी सुमेधच्या चुलत्याचं विचारलं.

"ते नाय खेळत आता," तो म्हणाला. "सुमेध कॉलेजात हरला, तव्हापासून पट माळ्यावर टाकलाय. म्हणतेत, पोराला मीच चुकीचं शिकवलं."