माई आणि डॉक्टरांची पाखरं

वाळवणावर चिमणी उतरली, की बोलता बोलता माईंचा उजवा हात डोक्याभोवती गरकन फिरे. हातात काही नसे. जामखेडकडच्या माहेरी लहानपणी माचाणावर उभं राहून त्यांनी जोंधळा राखला होता. गोफण सुटली, हाताची सवय सुटली नव्हती. अशा बाईला नवरा मिळाला तो पक्षी बघणारा.

डॉक्टर सोनईत दवाखाना चालवत. मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवायची आणि त्यांच्याच मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायची. गळ्यात दुर्बीण अडकवून ते निघाले, की माई मला म्हणत, "बाई, निघाली स्वारी. आत पेशंट कन्हतोय, आन् ह्ये बघाय चालले होला काय म्हनतोय." डॉक्टरांचं म्हणणं असं, की सोनईतले पक्षी आता पाहून संपले. हे ते अगदी गंभीरपणे सांगत.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर, पुढच्या वर्षी, नैरोबीला दिलेल्या त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, शशीला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण तिला एवढा प्रवास झेपणार नव्हता. तेव्हा आईवडिलांनीच तिकडे जायचं ठरलं. माईंनी लाडवांसाठी डिंक निवडायला घेतला. डॉक्टर माझ्याकडे आफ्रिकेचा नकाशा मागायला आले.

मग रोज संध्याकाळी ओसरीवर नकाशा पसरला जाई. "नाकुरूच्या तळ्यावर गुलाबी रोहित पक्षी. नैवाशाला गरुड. मग खाली मागादी. सहकुटुंब सहल आहे बाई, नीट आखायला हवी." त्या सहकुटुंब सहलीत नैरोबीच्या वाट्याला पोचल्याची रात्र आणि निघायच्या आदली रात्र आली होती. मी विचारलं, "आणि शशी?"

"ती नैरोबीतच आहे की. पक्ष्यांचं तसं नसतं, ते मोसमात गाठावे लागतात."

गावातली निम्मी पोरं ज्याच्या हातून जन्मली, तो माणूस हे बोलत होता. पदवी डोक्याला मिळते की भिंतीला, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला.

माईंनी आवाज चढवला नाही. खलबत्ता बाजूला सारून त्या म्हणाल्या, "अवो, पाखराच्या मागं पळनाऱ्याला पाखरू घावत न्हाई. आमी माचानावर एका जागी हुभं ऱ्हायचो, समदी आपसूक यायची. तुमी हिंडा तळ्यातळ्यानं. मी लेकीपाशी बसते."

"अगं, पण सगळं आखून झालंय."

"तुमचं झालंय. माजं म्या कवाच आखलंय."

आणि बसल्या म्हणून बरं. शशीला दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या. डॉक्टर बाप नाकुरूच्या चिखलात दुर्बीण लावून बसला होता, आणि इंग्रजीचा गंध नसलेली आई परक्या शहरात लेकीचा हात धरून होती. बाळंतपण अडलं, पण निभावलं. आजोबा तिसऱ्या दिवशी उगवले आणि बाळाला पाहून म्हणाले, "वजन ठीक आहे." माई परत आल्यावर मला म्हणाल्या, "वजन म्हनं! गूळ घ्याय आल्यागत."

डॉक्टरांनी शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर फोटो दाखवले. सगळं गाव आलं. गुलाबी पक्षी उभे, गुलाबी पक्षी उडताना, गुलाबी पक्षी पाठमोरे. शेवटी शेजारच्या कोंडाबाईंनी विचारलं, "आन् नातवाचा फोटू?"

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "रीळ संपलं होतं."

माई उठल्या आणि त्यांनी दिवे लावायला सांगितले. "या गं इकडं. मी सांगते कसा हाय." बायका त्यांच्याभोवती जमल्या. कपाळ रुंद, डाव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली, आणि मूठ अशी घट्ट की आईचं मंगळसूत्र धरलं तर सोडत नाही. माई सांगत राहिल्या. डॉक्टर एकटेच यंत्राची वायर गुंडाळत होते.

पुढच्या वर्षी माई काविळीने गेल्या. नातवाला त्यांनी पाहिलं ते तेवढंच. त्यानंतर डॉक्टरांनी दुर्बिणीला हात लावला नाही, असं लोक हळहळून सांगतात. नसेल लावला. मला त्याचं कौतुक नाही. तो नातू आता बाप्या झाला असेल. आजीच्या मांडीवरचा त्याचा एकही फोटो जगात कुठे नाही, आणि तिकडच्या पाखरांचे डबाभर आहेत.