आप्पा मास्तरांची केल्टिक गाय

आप्पा मास्तर संस्कृतच्या तासाला फळ्यावर ‘बाउस्’ असा शब्द लिहायचे आणि त्याच्याआधी एक चांदणी काढायचे. बाउस् म्हणजे गाय. आयर्लंड-वेल्सकडच्या भाषांची जी जुनी केल्टिक आई, तिच्यातला हा शब्द. चांदणी अशासाठी, की तो कुठं लिहिलेला सापडत नाही. लेकींच्या तोंडावळ्यावरून आईचा चेहरा ओळखावा तसा विद्वानांनी बांधलेला. “ऐकलाय का कुणी? न्हाय न्हवं? मग काढा चांदणी!” येळ्ळूरच्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेले मास्तर शब्द चालवायला लागले, की वर्ग डोलायचा. गावः – बोवेस्, गवे – बोवेइ, गवाम् – बोवोम्.

बेळगावच्या त्या शाळेत मी गणित शिकवायचो. मास्तर वर्षानुवर्षं हंगामी! कायम करायची वेळ आली की चालकांना नेमकी काहीतरी अडचण आठवायची. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. अशात निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं पाठशाळा काढली आणि मुख्य शिक्षकाची जागा मास्तरांना देऊ केली. त्यांच्या बायकोला, आम्हा सगळ्यांच्या आक्कांना, केवढा आनंद झाला! उद्घाटनाला शेटजींनी मास्तरांच्या अंगावर शाल घातली आणि भर सभेत फर्मावलं, “सांगा मास्तर, गोऱ्यांची गाय आपल्या संस्कृत गाईच्या पोटची!”

टाळ्या पडल्या. मास्तर उठले. “पोटची न्हाय, शेटजी. भैन हाय. दोघींची आई तिसरीच, लई जुनी.”

“व्हय म्हणा की,” शेटजी दातओठ खात पुटपुटले. “जागा तुमचीच हाय.”

“जागंपायी आई बदलू व्हय?”

मास्तरांनी शालीची घडी करून खुर्चीवर ठेवली आणि ते खाली उतरले. जागा गेली. ती ज्या गृहस्थांना मिळाली, त्यांनी दुसऱ्याच दिवशी ती गाय पोटची करून टाकली. काय म्हणावं या लोकांना!

मास्तर हंगामीच वारले. आणि शोकसभेला अध्यक्ष कोण? तेच शेटजी! डोळ्यांना उपरणं लावून म्हणतात कसे, “जगातल्या साऱ्या भाषा संस्कृतातून निघाल्या, हे आमच्या मास्तरांनी सिद्ध केलं.” लोक माना डोलवत होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठणार, तोच मागे बायकांत बसलेल्या आक्का उभ्या राहिल्या.

“ह्येच म्हनायचं न्हवतं, म्हनून आमी सारा जलम कोरड्या भाकरीवर काढला. जित्तेपनी जे म्हनले न्हाईत, ते मेल्यावर त्यांच्या तोंडात कोंबता व्हय?”