हळू बोला, उंदीर ऐकतायत

अख्ख्या संभाजीनगरात उंदरांना घाबरणारे पुष्कळ सापडतील. पण उंदीर घाबरतील म्हणून घाबरणारं माणूस एकच, माझ्या पीएचडीच्या गाईड मॅडम. मूळच्या पाचोडच्या. आवाज असा, की व्हरांड्यात त्यांनी "चहा" म्हटलं की खाली कँटीनवाला थेट आधण ठेवायचा. पण प्रयोगाच्या उंदरांच्या खोलीचा उंबरठा ओलांडला की कुजबुज सुरू. तिथं त्या कुजबुजत भांडायच्या, कुजबुजत माझी अक्कल काढायच्या. म्हणून काही चुकलं की मी धावत त्याच खोलीत जाऊन उभा राहायचो. अत्तर बंद, वासाचं तेल बंद. माझे बूट करकरतात म्हणून त्यांनी स्वतः गुलमंडीच्या बाजारातून माझ्या मापाच्या रबरी चपला आणल्या आणि मला चालायला लावून कान देऊन ऐकत बसल्या.

या उंदरांना आम्ही मुद्दाम अंड्यातल्या पांढऱ्याची ॲलर्जी लावली होती. निम्म्यांना मॅडमनी बनवलेलं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. शेवटी ॲलर्जीच्या अँटिबॉडी कुणाच्या रक्तात उतरल्या ते बघायचं. आधीचे दोन प्रयोग वाया गेलेले, मॅडमची निवृत्ती तोंडावर. हा शेवटचा. "भ्यालेल्या उंदराच्या अँटिबॉडी आपोआप बी उतरत्यात," त्या म्हणायच्या. जीव टांगणीला लागला की त्यांची पाचोडची बोली बाहेर यायची. "सगळेच भ्याले, तर औषधाचा गुण कळायचा कसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भूल देऊन रक्त काढायचं होतं. त्या भुलीतून उंदीर उठणार नव्हते. आणि आदल्या संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाशी वरात आली. डीजेनं खिडक्यांच्या काचा थरथरल्या, उंदीर पिंजऱ्यातल्या भुशात शिरले. मॅडम तशाच, डोक्याला टोपी आणि तोंडाला मास्क लावून, रस्त्यावर धावल्या. मागोमाग मी. म्हटलं, आता काही नवरदेवाची धडगत नाही.

पण सवय हाडीमाशी खिळलेली. मॅडम डीजेवाल्याच्या कानाशी जाऊन कुजबुजल्या, "बाबा, जरा बंद कर. आत..." पुढं त्यांना बोलवेना. त्यानं चटकन बटण दाबलं. एकदम सगळं शांत. नवरदेवाचा मामा पुढं आला आणि त्यानंही आवाज खाली आणून विचारलं, "कुणी गेलं का, मावशी?"

"अजून नाय," मॅडम म्हणाल्या. "सकाळी जाणार हायेत. सगळेच."

वरात मुकाट्यानं पुढं गेली. दोन-तीन बायकांनी आमच्या इमारतीकडं बघून हातसुद्धा जोडले. मला हसू दाबता दाबता ठसका लागला, तर मॅडमनी माझ्याकडं असं पाहिलं की हसू जागच्या जागी मेलं.

प्रयोग साधला. औषध दिलेल्यांच्या अँटिबॉडी खरंच उतरल्या होत्या, बाकीच्यांच्या होत्या तशाच. निकाल हातात येताच मी ओरडत उंदरांच्या खोलीत गेलो. मॅडम एकट्याच पिंजरे धूत होत्या. निकाल ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. मला आपलं वाटलं, या माणसानं आज तरी पाचोडला ऐकू जाईल असं ओरडावं. म्हटलं, "मॅडम, आता तरी मोठ्यानं बोला. इथं कुणी नाही."

"व्हय रे," त्या कुजबुजल्या, "कुणीच नाय." आणि हातातला रिकामा पिंजरा त्यांनी आवाज न करता खाली ठेवला.