चादरींच्या खोलीतल्या नाबरबाई

नाबरबाईंनी मला पहिला धडा दिला तो आडवं पाडून. नर्सिंगच्या शाळेतला पहिला दिवस, अंगावर खळ घातलेला नवाकोरा गणवेश, आणि आता आपल्या हातात इंजेक्शनची सुई देतील अशा थाटात मी उभी. बाईंनी बोट दाखवलं ते शिकवणीच्या खोलीतल्या लोखंडी खाटेकडे. म्हणाल्या, "झोप. जेवणाची घंटा होईपर्यंत उठायचं नाही. तुझे दोन्ही पाय मोडलेत. हवं ते मागायचं, मिळेल तेव्हा घ्यायचं." बाकीच्या मुली त्या सकाळपुरत्या नर्सेस झाल्या. एकीनं मला पाणी पाजलं, त्यातलं निम्मं मानेवरून उशीत गेलं. दुसरीपाशी मी बेडपॅन मागितलं. ती "आणते हं" म्हणून गेली ती खिडकीपाशी गप्पा मारत राहिली. अकरा वाजेपर्यंत मला रडू फुटलं होतं. घंटा झाल्यावर बाई येऊन खाटेच्या कडेला बसल्या. "काय शिकलीस?" मी म्हटलं, "दुसऱ्यांदा मागायची लाज वाटते." "झाला आजचा अभ्यास," बाई म्हणाल्या, "जा, जेवून घे."

हे परळच्या एका हॉस्पिटलात. संयुक्त महाराष्ट्राचं वारं तेव्हा गिरणगावात घुमायला लागलं होतं. शांता नाबर आमच्या शिकवणाऱ्या सिस्टर. चाळिशीच्या, ठेंगण्या, सावळ्या. टाचा आपटत चालायच्या, आणि तेही मुद्दाम. खाटेवरच्या माणसाला आपण येतोय हे आधी कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. लग्न केलेलं नव्हतं. गिरगावात फणसवाडीत भावाच्या बिऱ्हाडात राहायच्या. चांगल्या घरची मुलगी नर्स होते म्हणजे घराण्याला बट्टा, असा तो काळ. "मी नर्सिंग घेतलं तेव्हा बाबा आठ दिवस जेवले नाहीत," बाई सांगायच्या. "नवव्या दिवशी त्यांना टायफॉईड झाला. मग महिनाभर मीच भरवलं. बोलले काही नाहीत, पण तोंड उघडायचे."

मी काळाचौकीच्या चाळीतली. वडील गिरणीत साचेखात्यात मागावर, आणि घरात बोलणं मालवणी. शाळा मराठी, इंग्रजी आलं ते मॅट्रिकपुरतं. इथे डॉक्टर येऊन इंग्रजीत तासन्‌तास बोलायचे आणि मी वहीत चित्रं काढल्यासारखे त्यांचे शब्द काढायची. पहिल्या चाचणीत मी सपशेल नापास झाले. हॉस्टेलच्या खोलीत ट्रंक भरून बसले होते, तेवढ्यात बाई आल्या. बाई मला परब न म्हणता परबीण म्हणायच्या, खोलीत दुसऱ्या दोन परब होत्या, पण परबीण मी एकटीच. "काय गो परबीण, खंय चललंस?" त्यांनी माझ्याच बोलीत विचारलं. "घरी." "घरी आठवडाभरानं जा. रविवारी आधी माझ्याकडे ये."

रविवारी फणसवाडीत गेले तर स्वयंपाकघरात पितळी परातीत बोकडाचं काळीज, गुर्दे आणि हृदय मांडलेलं. बाईंनी सुरीनं हृदय उभं चिरलं, माझं बोट धरून एका कप्प्यातून दुसऱ्यात घातलं आणि झडपेवर टेकवलं. "हे दार. इकडून ढकललं की उघडतं, तिकडून ढकललं की मिटतं. आता ह्याचं इंग्रजी नाव सांगते, दाराला नाव असलं की विसरत नाही." त्यांच्या वहिनी दारात पदर खोचून उभ्या होत्या. "वन्सं, हे शिजवायचं आहे की पास करायचं आहे, ते एकदा सांगा. बारा वाजले." नाबरांच्या घरात मटण चालायचं, पण मटणावर व्याख्यान चालत नव्हतं. असे सहा-सात रविवार झाले. पुढच्या परीक्षेत मी पहिल्या पाचांत आले, आणि ट्रंकेतले कपडे परत खुंटीला लागले. त्या रविवारांशिवाय मी आज कोणाची तरी सून आणि आजी असते, नर्स नसते.

पण बाईंचा वर्ग भरायचं खरं ठिकाण होतं चादरींची खोली. वॉर्डाच्या टोकाला, धुतलेल्या चादरींच्या चळतींनी भरलेली, एक खिडकी. दुपारची पाळी संपली की दहा मिनिटं सगळ्या मुलींनी तिथे जमायचं आणि प्रत्येकीनं त्या दिवशीची आपली चूक सांगायची. सुरुवात बाई स्वतः करायच्या. "आज मी सात नंबरच्या म्हातारीवर ओरडले. तिची चूक नव्हती, मला चहा मिळाला नव्हता." मग आमची पाळी. कोणी थर्मामीटर फोडलेलं असायचं, कोणी एकाचं औषध दुसऱ्याला देता देता वाचलेली असायची. बाई रागवायच्या नाहीत. काय करायला हवं होतं तेवढंच विचारायच्या. "चूक गरम गरम सांगावी," म्हणायच्या. "शिळी झाली की पोटात दुखतं, आणि दुखतं ते पेशंटच्या पोटात." मॅट्रनबाईंना हा प्रकार पसंत नव्हता. मुली निर्ढावतात, असं त्यांचं मत. बाई म्हणायच्या, माझ्या मुली लपवणार नाहीत. मॅट्रन म्हणायच्या, बघू.

मी दुसऱ्या वर्षाला असताना तो दिवस आला. परळ-लालबागला मोर्चे निघालेले, दुपारपासून लाठीमार आणि गोळीबाराच्या बातम्या, आणि दोन-अडीचपासून स्ट्रेचरांची रीघ लागली. माणसं कमी पडली म्हणून नाबरबाई शाळा बंद करून स्वतः वॉर्डात उभ्या राहिल्या. दोन मुलींच्या वाट्याला अख्खा वॉर्ड आला. माझ्याकडे कोपऱ्यातल्या खाटेवर एक गिरणी कामगार होते, गावडे नावाचे. बरगडीखाली लाठी बसलेली, बाहेर जखम नाही, बोलत होते चांगले. डॉक्टरांनी सांगितलं, आत रक्तस्राव असू शकतो, दर अर्ध्या तासानं नाडी मोजून तक्त्यात लिहायची. भराभर वाढायला लागली की ताबडतोब कळवायचं. चार वाजता मी मोजली. ब्याऐंशी होती.

माझे वडील त्याच मोर्च्यात होते. चाळीतले दोघे जखमी होऊन आलेले मी पाहिले होते आणि वडिलांचा पत्ता नव्हता. नवं स्ट्रेचर आलं की मी दाराकडे धावत होते. साडेचारला धावले, पाचला धावले. सव्वापाचला वडील फाटकाशी उभे दिसले, डोक्याला पंचा बांधलेला, पण आपल्या पायांवर. मी परत आले, गावड्यांच्या खाटेच्या पायथ्याशी लावलेला तक्ता उचलला आणि साडेचार आणि पाचच्या रकान्यांत दोन आकडे एकदमच लिहिले. चौऱ्याऐंशी, आणि खरं वाटावं म्हणून पुढे शहाऐंशी. गावड्यांचा हात चादरीवरच होता. मी तो उचललासुद्धा नाही. माझ्या डोक्यात तेव्हा वडील सुखरूप आहेत याशिवाय काहीच नव्हतं.

साडेपाचला बाई फेरीला आल्या आणि त्यांनी गावड्यांच्या मनगटाला हात लावला. मनगटात नाडी लागतच नव्हती. ऑपरेशन झालं, पण पोट रक्तानं भरलेलं होतं. सातच्या सुमाराला ते गेले. त्यांची बायको व्हरांड्यात बसली होती. तिला सांगायला बाईच गेल्या.

त्या संध्याकाळी इतकं काम असूनही बाईंनी मला चादरींच्या खोलीत बोलावलं. आम्ही दोघीच. "परबीण, काही सांगायचं आहे?" मी म्हटलं, "नाही बाई." दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. शिकवलेली गोष्ट मला पाठ होती आणि तोंड उघडत नव्हतं. नाव कापलं जाईल, चाळीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढंच दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी मॅट्रनच्या खोलीत चौकशी. मुख्य डॉक्टर, मॅट्रन, बाई आणि मी. मुख्य डॉक्टर म्हणाले, पाच वाजता शहाऐंशी आणि साडेपाचला नाडीच नाही, हे कसं? बाई पुढे झाल्या. "त्या दिवशी वॉर्डाची वाटणी मी केली. दुसऱ्या वर्षाच्या मुलीवर एवढ्या खाटा टाकल्या. वाटणी चुकली, आणि ती माझी आहे." मग मॅट्रन माझ्याकडे वळल्या. सावकाश म्हणाल्या, "तू प्रत्येक वेळी नाडी मोजलीस ना?" बाई माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "हो."

पुढच्या आठवड्यात वाटणीची चूक धरून बाईंकडून शाळा काढून घेतली आणि त्यांना बाहेरच्या रुग्णांच्या मलमपट्टीला पाठवलं. चादरींच्या खोलीतलं जमणं बंद झालं. वर्षभरात त्यांनी नोकरीही सोडली. मी मात्र पास झाले, त्याच हॉस्पिटलात नोकरीला लागले. फणसवाडीच्या बाजूला जायचं काम निघालं की दुसऱ्या कोणाला तरी पाठवायची.

महाराष्ट्र झाला त्याच वर्षी शिकवणाऱ्या सिस्टरच्या अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाली. आता मी मुलींना शिकवणार होते. त्या रात्रीपासून झोप उडाली. चौथ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन फणसवाडीचे जिने चढले. बाई गॅलरीत शेजारच्या म्हातारीच्या पायाची पट्टी बदलत होत्या. केस बरेच पिकले होते. म्हातारी जाईपर्यंत मी उभीच राहिले, मग बसायच्या आधी बोलून टाकलं. "बाई, त्या दिवशी मी गावड्यांची नाडी मोजली नव्हती. एकदाच मोजली. बाकीचे दोन आकडे खोटे."

"ठाऊक आहे गो," बाई म्हणाल्या. "दोन्ही आकडे दौतीत एकदाच बुडवलेल्या टाकानं लिहिलेले होते, दुसरा फिका. अर्ध्या तासानं लिहिला असतास तर दुसरा ठसठशीत उमटला असता."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"मी बोलून काय उपयोग? तुझ्या तोंडून यायला हवं होतं." त्यांनी हात पुसले. "मी मॅट्रनना आदल्या दिवशीच सांगितलं होतं, मुलगी चुकलीय. पण माझी मुलगी आहे, स्वतः सांगेल. तिनं सांगितलं तर तिचं नाव कापायचं नाही, एवढा शब्द द्या. त्यांनी दिला. म्हणाल्या, चौकशीत मी एकदाच विचारीन."

नाव कापलं जाणारच नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं की नाही, मोजली नाही.

"तू हो म्हणालीस तेव्हा मॅट्रन माझ्याकडे बघून हसल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "तेवढं त्यांचं चांगलं."

गावड्यांच्या घरी गेलीस का, असं त्यांनी विचारलं. मी गेले नव्हते. त्याच संध्याकाळी गेले. खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं, बायको-मुलं केव्हाच गावाला निघून गेली होती. कुठल्या गावाला, ते चाळीत कोणाला धड सांगता आलं नाही.

फणसवाडीतून निघताना मी विचारलं होतं, "बाई, पुन्हा कुठे शिकवलं नाहीत?" पेढ्यांचा पुडा सोडता सोडता त्यांनी सांगितलं की दोन हॉस्पिटलांतून बोलावणं आलं होतं, एकानं तर नवी शाळाच उभारून द्या म्हटलं होतं. "नाही म्हटलं." मी म्हटलं, माझ्यामुळे? त्या खोटं कधी बोलल्या नाहीत, माझं मन राखायलाही नाही. "तुझ्यावर राग नव्हता गो. पण मला वाटायचं, चूक लपवायची नाही एवढं तरी मी मुलींना नक्की शिकवते. आणि तेच शिकवता आलं नाही, तर बाकीचं शिकवायला पुस्तकं आहेत की." मग पेढा तोंडात घातला आणि चांगला आहे म्हणाल्या.

त्यानंतर आठ वर्षांनी बाई गेल्या. मी निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. दर वर्षी नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात गावड्यांची गोष्ट सांगितली, नावासकट, माझ्या 'हो'सकट. मुली रडायच्या, मला धीट म्हणायच्या. माझ्या हाताखालून किती मुली शिकून बाहेर पडल्या, त्या अजून भेटतात, पाया पडतात. मी पाय मागे घेते. त्या मुली नाबरबाईंच्या होत्या. एका शब्दानं मी त्या त्यांच्याकडून काढून घेतल्या.