न चाखलेली आमटी

तापातून मी उठले, पण नाकाचा वास आणि तोंडाची चव त्या तापानंच नेली. "येईल हळूहळू, कदाचित नाहीही येणार," डॉक्टर म्हणाले. माझ्यासाठी हे साधं दुखणं नव्हतं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या कॉलनीतली कॉलेजची मुलंमुली दर रविवारी एका अन्नछत्रात राबतात. दवाखान्यात दाखल असलेल्यांच्या नातेवाइकांना तिथून जेवण जातं. मी त्या मुलांची काकू. भाज्या चिरण्यापासून फोडणीपर्यंत सगळं त्यांना मीच शिकवलेलं. आजारानंतर एकदा घरच्या भाजीत दोनदा मीठ पडलं. घरच्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली आणि तेच मला जास्त लागलं. मी अन्नछत्रात जाणं सोडलं. पूजेला बसायची, पण देवीशी बोलणं तुटलं होतं. तुझ्याच कामी येत होतं ते तू का काढून घेतलंस, एवढंच मनात यायचं.

अशात एका रविवारी सकाळी त्या मुलांची प्रमुख श्रद्धा धापा टाकत दारात आली. अन्नछत्राच्या आचाऱ्याकडं मयत झालं होतं. "काकू, तांदूळ धुऊन ठेवलाय, पण चूल पेटवायला कुणी नाही. दुपारी माणसं रांगेत येऊन उभी राहतील. चला ना."

"अगं, मला चव कळत नाही."

"आम्ही चाखून सांगू की!" ती बोलून गेली आणि मग तिला देवळाचा नेम आठवला. औरंगपुऱ्यातल्या देवीच्या देवळामागं हा स्वयंपाक होतो. तिथला नेम असा, की आधी नैवेद्य, तोवर कुणी जिभेला लावायचं नाही. नैवेद्य दाखवला की टेम्पो लगेच निघतो. आजवर मी वाफेच्या वासावर भागवलं होतं. आता तोही नव्हता, आणि पोरांना नुसत्या वासावरून मीठ कळत नव्हतं.

तरी गेले. पोरांची तोंडं बघून नाही म्हणवेना. भाताचं शीत बोटांत दाबून पाहिलं, तो जमला. मग येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी उकळायला लागली आणि मिठाचं भांडं हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. एवढ्या माणसांचं जेवण माझ्या हातून नासलं तर?

दर्शनाला आलेली एक म्हातारी मागच्या ओट्यावर टेकली होती. "का गं बाई, थांबलीस का?" तिनं विचारलं. कुणास ठाऊक का, त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं.

"निवद हाय ना हा?"

"हो, आजी."

"मग चव तिनं बघायची. तिचं काम तू कशाला करतीस?" एवढं बोलून ती काठी टेकत निघून गेली. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

मी डोळे मिटले. आई, तुझं तू बघ, म्हटलं आणि हाताला आलं तेवढं मीठ सोडलं. छातीवरचा दगडच उतरला.

नैवेद्य दाखवून टेम्पो निघाला. दवाखान्याच्या आवारात पहिलं ताट सिल्लोडकडच्या एका गृहस्थांना वाढलं. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन झालेलं होतं. त्यांनी एक घास खाल्ला आणि हात थांबवला.

"आमटी कुणी केली?"

"मी. का हो, खारट झाली का?"

"नाय ओ ताई. लई झकास झालीया. परवापासून घास उतरत नव्हता, आज उतरला. अजून वाढा." त्यांचे डोळे भरले होते.

मग काय विचारता! माणसं ताट घेऊन पुन्हा पुन्हा येत होती. आमटी वाढता वाढता पोरांचे हात दुखले. शेवटच्या माणसापर्यंत सगळं पुरलं. श्रद्धानं रिकामं पातेलं डोक्यावर धरून आरोळी ठोकली, "अन्नपूर्णा माते की..." आणि साऱ्या रांगेनं "जय!" म्हणून आवार दणाणून सोडलं. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

त्या दिवशी घरी येऊन देवीपुढं बसले, तर मागायला काही आठवेचना. नुसती रडत राहिले, आनंदानं. चव अजून आलेली नाही. तिच्या मनात असेल तेव्हा येईल. रविवारी मात्र सकाळीच पदर खोचून निघते. करवून घेणारी ती आहे. आपण नुसते हात द्यायचे, पुढचं तिच्यावर सोपवायचं.