ह्यांची बोट बंद होती तेव्हा

लग्नानंतर माझा संसार पहिल्यांदा सलग चालला, तो ह्यांची बोट बंद पडली म्हणून.

हे गस्तीच्या बोटीवर इंजिन ड्रायव्हर होते. बोट मूळची नौदलाची. तिथे तिचं वय झालं तेव्हा चोरट्या मालावर नजर ठेवायला तिला रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाठवलं आणि तिच्यामागोमाग हेही आले. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. मी लांजा तालुक्यातली, भातशेतीच्या घरातली. माझ्या माहेरी पुरुष मुंबईला गेले की गणपतीला आणि शिमग्याला येणार हे ठरलेलं असायचं. हे कधी येतील ते मात्र ह्यांनाही माहीत नसे. मांडवीजवळ आमच्या दोन खोल्या होत्या. बोट बाहेर गेली की मी एकटीपुरता भात लावायची, आणि तोही उरायचा. शेजारणी चांगल्या होत्या, पण त्यांच्या बोलण्याची गाडी थोड्या वेळाने "अजून काही नाही का गो?" इथे येऊन थांबायची. म्हणून मी फारशी बाहेर बसत नसे.

एका वैशाखात ह्यांची बोट ट्रॉलरच्या मागे दोर लावून आली. दोन इंजिनांपैकी एक गेलं होतं आणि तळाला गंजून भोक पडलं होतं. मुंबईच्या गोदीत मोठ्या जहाजांची रांग होती, या म्हातारीला तिथे कोण विचारणार? खाडीच्या तोंडाशी मच्छीमार आपल्या बोटी ओढून घेत, तिथल्याच उतारावर अमावास्येच्या उधाणाला तिला चढवली. बघायला अर्धं गाव जमलं होतं. मीही गेले. इतके दिवस मनात जिला सवत म्हणत होते, ती प्रत्यक्षात लहानशीच होती. पोटाला शिंपल्यांचे जाड थर होते आणि त्यातून हिरवं पाणी ठिबकत होतं.

पाऊस तोंडावर आला होता. वर ताडपत्री आणि माडाच्या झावळ्यांचा मांडव घातला, आणि दुरुस्ती सुरू झाली.

हे सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. इतर बायकांच्या नवऱ्यांसारखेच. पहिले काही दिवस मला घरात पाहुणा आल्यासारखं वाटत होतं. ह्यांना आमटीत तिखट किती लागतं हेसुद्धा मला नीट माहीत नव्हतं. जेवताना मी गप्प, हेही गप्प. त्याला एक कारण होतं. इंजिनाच्या आवाजात वर्षं काढून ह्यांचे कान मंदावले होते. ह्यांच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे, आणि आमच्या घराची भिंत म्हणजे नुसती फळी. "बाजारातून कांदे आणा" हे ओरडता येतं. बाकीचं कसं ओरडणार? त्यामुळे आमच्यात कांदे, रॉकेल आणि पाणी यापलीकडचं बोलणं फारसं झालंच नव्हतं.

दुपारचा डबा मी पोचवायला लागले. खाडीवर जवळ जाईपर्यंतच ठोकाठोकी ऐकू यायची. बोटीचा पत्रा हातोडीने ठोकून गंज काढत. जिथे पत्रा पापडासारखा पातळ झाला होता तिथे तो कापून नवा जोडत, आणि वर शेंदरी रंग लावत. पावसाने रंग सुकत नसे. सुकेपर्यंत माणसं मांडवाखाली विड्या ओढत बसायची आणि मला घाई नसे.

एकदा हे म्हणाले, "आत येतेस? इंजिन बघ."

लोखंडी शिडीवरून मी पातळ सावरत उतरले. आत डिझेलचा वास होता. उभं राहायला धड जागा नव्हती. एक इंजिन सुटं करून ठेवलं होतं, दुसरं जागेवर होतं. दोन्हींच्या मधोमध बसायला पत्र्याची छोटी चौकट होती.

"इथं बसता तुम्ही?" मी ओरडून विचारलं.

"हो."

"खिडकी कुठाय?"

"खिडकी नाही इथं."

"मग समुद्र?"

हे हसले. "इंजिनवाल्याला समुद्र कशाला? वरून घंटी वाजते. हळू म्हटलं की हळू, थांब म्हटलं की थांब."

"आणि बरोबर कोण असतं?"

"असतो एखादा. पण आवाजात बोलणार काय? चार-चार दिवस कुणाशी बोलणं होत नाही. मग वर गेलं तरी बोलायचं सुचत नाही."

मी त्या चौकटीवर बसून पाहिलं. मला आजवर वाटायचं, हे तिकडे वाऱ्यावर, माणसांत, मजेत असतात आणि मी इकडे चार भिंतींत. ह्यांच्या भिंती तर माझ्यापेक्षा जवळ होत्या.

त्यानंतर आमचं जरा जमलं. संध्याकाळी आम्ही मांडवीच्या धक्क्यावर जायचो. तिथे वाऱ्यात कुणाला काही ऐकू जात नसे, म्हणून मी मोकळेपणाने ओरडून बोलायची. माहेरचं सांगायची. हे त्यांच्या गुहागरकडच्या गावचं, सुपारीच्या बागेतलं सांगायचे. श्रावणात मी कुळथाचं पिठलं केलं की हे ताट पुसून घ्यायचे. एवढंच. पण मला तेवढ्याची सवय झाली.

गणपती झाल्यावर मुंबईहून एक अधिकारी बोट बघायला आले. ही ठेवायची की मोडीत काढायची, ते त्यांनी सांगायचं होतं. आदल्या रात्री हे नीट जेवले नाहीत. मीही जेवले नाही, पण माझं कारण वेगळं होतं. बोट मोडीत निघाली तर ह्यांना किनाऱ्यावरचं काम मिळेल असं मी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे घरी आले ते हसतच. "पास झाली! दोन-तीन वर्षं सहज चालेल म्हणाले. इंजिनाचा आवाज ऐकून साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली."

मी चुलीकडे तोंड करून हळूच म्हटलं, "ती सुटूच नये असं वाटत होतं मला."

"काय म्हणालीस?"

"काही नाही. हात धुवा म्हटलं."

आश्विनातल्या उधाणाला बोट पाण्यात उतरवली. नवा राखाडी रंग, नवा दोर, धुतलेलं निशाण. लोकांनी नारळ फोडले. मीही एक फोडला. तो पहिल्या फटक्यात फुटला, तेव्हा बायका म्हणाल्या, बघ, शुभ आहे. दोन्ही इंजिनं सुरू झाली तशी धक्क्याखालचे दगड थरथरले. हे अर्थात दिसले नाहीत. ते खाली होते. बोट दीपगृहाला वळसा घालून गेली आणि मी इतर बायकांबरोबर परत आले.

आधीचं एकटेपण मला झेपत होतं, कारण दुसरं काही पाहिलेलं नव्हतं. आता मात्र संध्याकाळ झाली की पाय आपोआप धक्क्याकडे वळायचे. तिथे एकटीच जाऊन कुणाशी ओरडणार? मी अर्ध्या वाटेवरून परत यायची. भाताच्या कापणीला माहेरी जाऊन आले, तर तिथे भावजयांच्या गडबडीत आणखीच परकी वाटले. आठवड्याचं सांगून गेलेली, दोन दिवस आधीच परतले.

अशात एका सकाळी दारात एक कोळीण उभी राहिली. माझ्याच वयाची. हातात पिशवी.

"इंजिनवाल्या भावांचं घर ह्येच काय?"

"हो. ते बोटीवर गेलेत."

"म्हाईत हाय. मी नाटे गावास्नं आले." तिने पिशवीतून घडी केलेला शर्ट काढला. "ह्यो द्यायचा व्हता."

शर्ट ह्यांचा होता. काखेतली शिवण मीच घातलेली. मी तिला आत घेतलं आणि पाणी दिलं. मग तिने सांगितलं ते असं. तिच्या नवऱ्याच्या होडीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. वारा जमिनीकडून समुद्रात जाणारा, होडी वाहत गेली. तीन दिवसांनी ह्यांच्या बोटीला ती दिसली. होडीतली माणसं भिजून काकडली होती, त्यांना ऊब मिळावी म्हणून खाली इंजिनापाशी बसवलं. ह्यांनी आपला सुका शर्ट तिच्या नवऱ्याच्या अंगात घातला.

"मालक म्हणाला, तो मानूस येक शब्द बोलला न्हाय. नुसता चा पाजला आनि बंदर येईस्तोवर पाठीवर हात ठेवून बसला."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मधे हे एकदा घरी येऊन गेले होते, पण बोलले नव्हते. शर्ट कुठेय विचारलं तर म्हणाले, राहिला असेल बोटीवर.

"तीन दिस तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करनार बाय? भिंतीकडं बघत बसले. शेजारनी रडाय लागल्या, तर मी त्यांना घराभायेर काढलं." तिने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "तुला भ्या वाटत न्हाय, भाऊ ग्येले की?"

"वाटतं," मी म्हटलं. हे मी कुणाजवळ पहिल्यांदाच बोलत होते.

"मग काय करतेस?"

"काही नाही. भात लावते. तो उरतो."

ती एकदम हसली. "आमच्याकडंबी उरतो. कोंबड्यांना घालते." मग मीही हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. तिने पाहिलं. उठून सरळ चुलीपाशी गेली आणि म्हणाली, "आज दोगींचा लाव. माजी यष्टी दुपारची हाय."

तिने आणलेल्या सुक्या बांगड्यांची आमटी तिनेच केली. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. "ये नाट्याला," ती खिडकीतून म्हणाली. येते म्हटलं, पण गेले नाही.

हे परत आले तेव्हा मी शर्ट पुढे ठेवला. त्या संध्याकाळी धक्क्यावर हे स्वतःहून बोलले. त्या माणसाचे दात कसे वाजत होते, त्याला वाटत होतं आपण अजून होडीतच आहोत, आणि ह्यांना काय बोलावं ते कसं सुचेना, असं सगळं. "बोललो असतो तरी त्याला ऐकू गेलं नसतं," हे म्हणाले. मी म्हटलं, "त्याला कळलं."

बोट साहेबांनी सांगितलं होतं तेवढीच वर्षं चालली. मग एका हिवाळ्यात तिला मोडायला नेलं आणि ह्यांची मुंबईच्या नव्या, मोठ्या बोटीवर बदली झाली. तिकडे राहायला जागा मिळेपर्यंत मी रत्नागिरीतच थांबायचं ठरलं. ते 'मिळेपर्यंत' पुढे बरीच वर्षं चाललं.